अळणी श्रावण

"खरं सांग महेश्वरी, तू ते पाणी पीत होतीस, की मोरीत ओतत होतीस?"

मंजुनाथचा आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं... ओरडणाऱ्या नवऱ्याला उलट बोलता येतं, निदान तोंड फिरवून रडता तरी येतं! पण तो दवाखान्यातल्या पलंगाच्या कडेला बसून, हातातल्या रिपोर्टाची सुरळी करत, इतक्या थकलेल्या स्वरात विचारत होता की महेश्वरीच्या काळजात चर्र झालं. हाताला सलाईन लावलेलं, डोकं जड झालेलं, आणि जीभ अजून नीट वळत नव्हती.

"पीत होते हो... आत्या भरून देते ती बाटली मी रोज संपवते. तुम्ही बघता की!"

"बाटली रिकामी झालेली बघतो. पोटात काय गेलं ते कुठं बघतो मी? डॉक्टर म्हणतात, सांगितलेलं मीठ अंगात गेलेलंच दिसत नाही. नुसतंच पाणी ढोसल्यासारखं रक्त पातळ झालंय. सोडियम पार तळाला गेलंय. अजून थोडा उशीर झाला असता तर..."

पुढचं त्याला बोलवेना. तो उठला आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेला. महेश्वरी त्या झुलणाऱ्या हिरव्या पडद्याकडे बघत राहिली. आजारानं तिचं पुष्कळ काही नेलं होतं, पण नवऱ्याचा विश्वास तेवढा नेला नव्हता. आज तोही गेला.

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्यांच्या घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा होता. पुढच्या पडवीत बायका भाकऱ्या थापायच्या, मागं उखळात चटणी कुटली जायची, आणि चटणी पिशव्यांत भरण्याआधी एकच माणूस ती चिमूटभर जिभेवर ठेवायचं, ते म्हणजे महेश्वरी! लसूण कमी, तिखट जरा चढलंय, मिठाला अजून एक चिमूट हवी... ती म्हणेल तो शेवटचा शब्द. गिऱ्हाइकं दुकानाचं नाव विसरायची, पण चव विसरायची नाहीत. मंजुनाथ कौतुकानं म्हणायचा, आमच्या घराचा धंदा हिच्या जिभेच्या टोकावर चालतो.

आणि मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला ताप आला. ताप उतरला, पण चव परत आली नाही. गोड, खारट, आंबट, सगळं सारखंच लागू लागलं. चवीमागोमाग बळही गेलं. एक दिवस जरा बरं वाटलं म्हणून उठून चार भांडी घासावीत, तर पुढचे कितीतरी दिवस अंथरुणातून मान उचलवू नये! उभं राहिलं की छाती धडधडायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची. वरून अंग धडधाकट, रिपोर्ट सगळे चांगले. मग लोकांना काय, विषयच मिळाला! "पीठ बघितलं की चक्कर येती वाटतं सूनबाईला," असं भाकऱ्या थापणाऱ्या बायका हसत हसत बोलत, आणि ते आतल्या खोलीत बरोबर ऐकू येई. मंजुनाथ मात्र भावकीशी, शेजाऱ्यांशी, प्रसंगी सख्ख्या चुलत्याशी भांडला... माझी बायको नाटक करत नाही!

शेवटी डॉक्टर धम्मप्रियांनी त्या आजाराला नाव दिलं. हा थकवा झोपेनं जात नाही, हा आजारच वेगळा, त्या म्हणाल्या. हिच्या अंगात पाणी आणि मीठ टिकत नाही, म्हणून उभं राहिलं की रक्त डोक्यापर्यंत पोचत नाही. दिवसभर थोडं थोडं मीठ-लिंबू-साखरेचं पाणी, जेवणात नेहमीपेक्षा जास्त मीठ, पोटॅशियमसाठी केळं आणि शहाळं, आणि मधून मधून रक्ताची तपासणी. "नुसतं पाणी मात्र ढसाढसा पिऊ नका. त्यानं अंगात आहे ते मीठही पातळ होईल," हे त्यांनी दोनदा बजावलं होतं.

पण ज्याला खारट कळत नाही, त्यानं मिठाचा अंदाज कसा घ्यायचा? तेव्हा शिवबाई पुढं झाली. शिवबाई म्हणजे महेश्वरीची सासू, आणि त्याआधी तिची सख्खी आत्या. महेश्वरीची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा दुधनीहून त्या एवढ्याशा जिवाला पदराखाली घेऊन सोलापूरला आणणारी हीच. वाढवलं, शिकवलं, आणि परकी होऊ नये म्हणून स्वतःच्या लेकालाच दिली. महेश्वरीला सासर आणि माहेर एकाच माणसात मिळालं होतं.

"तू कशाला काळजी करतीस यव्वा? तुझी जीभ गेली तर गेली, माझी हाय की!" आत्या म्हणाली होती. त्या दिवसापासून पहाटे लिंगपूजा झाली की आत्या स्वतः ती पाण्याची बाटली भरून उशाशी आणून ठेवी. महेश्वरीचं ताटही तीच वाढी. मीठ किती, कसं, हे महेश्वरीनं कधी विचारलं नाही. कुणी आईला विचारतं का, तू माझ्या अन्नात काय घातलंस म्हणून?

तब्येत हळूहळू सावरतही होती. आणि यंदा श्रावण लागल्यावर का कोण जाणे, ती पुन्हा ढासळू लागली. डोकं ठणकू लागलं, पोटात ढवळू लागलं. मीठपाण्यानं बरं वाटेल म्हणून ती आत्याकडून बाटल्यांवर बाटल्या भरून घेऊन पीत गेली... आणि सोमवारी सकाळी, मेलेल्या बापाशी काहीतरी असंबद्ध बोलत, उंबऱ्यातच कोसळली.

दवाखान्यात तिच्या शेजारच्या पलंगावर सांगोल्याकडची एक म्हातारी होती, आणि तिच्या उशाशी तिची लेक मनकर्णा. मंगळवारी दुपारी मनकर्णा उठायला गेली आणि भिंत धरून मटकन खाली बसली. सोमवारचा कडक उपास, त्यात रात्रीचं जागरण.

"अहो ताई, हे घ्या," महेश्वरी घाईनं म्हणाली. तिची घरची बाटली कपाटावर तशीच पडलेली होती. डॉक्टरांनी तिला सध्या पाणी मोजूनच प्यायला सांगितलं होतं. "मीठ-साखरेचंच पाणी आहे. दोन घोट घ्या, तरतरी येईल."

मनकर्णानं घटाघटा पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि बाटलीकडे निरखून बघितलं.

"ताई, ह्यात मीठ कुटं हाय? नुसतं साकरंचं पाणी हाय की हे! इसरल्या जणू घालायला."

"नीट बघा हो... मीठ असेलच."

"आता जिभेला काय खोटं कळतंय व्हय? कण बी न्हाय मिठाचा."

महेश्वरीनं बाटली हातात घेतली. ही बाटली तर सोमवारी पहाटेच भरलेली... आणि ती भरणारा हात एकच होता. एका दिवशी विसरली असेल? पण मग रक्तातलं मीठ एका दिवसात तळाला जात नाही, हे तर डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तिनं डोळे गच्च मिटले. नको, असा विचारसुद्धा पाप आहे! ज्या हातानं मला घास भरवला, त्या हातावर मी संशय घेऊ? आत्याला विचारू, ती हसेल, म्हणेल, काय खुळी का काय तू... आणि सगळं मिटेल.

संध्याकाळी आत्या डबा घेऊन आली. चेहरा सुकलेला, कपाळावर भस्माचे पट्टे, डोळे रडून सुजलेले. तिनं महेश्वरीच्या कपाळावर हात ठेवला तसं महेश्वरीला लहान होऊन त्या हातात तोंड लपवावंसं वाटलं.

"आत्या, एक विचारू? बाटलीत तू मीठ घालत होतीस ना?"

कपाळावरचा हात थबकला. फक्त एक पळभर... पण महेश्वरीला ते कळलं.

"व्हय की. घालत हुते. न घालून कसं चालंल?"

आत्यानं नजर वळवली आणि डबा उघडू लागली. झाकण निघता निघेना. महेश्वरी झाकणाशी झटणाऱ्या त्या बोटांकडे बघत राहिली. मीठ नव्हतं हे तिला दुपारीच कळलं होतं, पण आत्या तोंडावर खोटं बोलू शकते, हे तिला आज, या वयात पहिल्यांदा कळत होतं. तिच्या अंतःकरणाचे तुकडे तुकडे झाले! तिला ओरडून विचारावंसं वाटलं, का गं आत्या? मी तुला जड झाले का? ओझं झाले का? पण शब्द फुटण्याआधीच डॉक्टर धम्मप्रिया आत आल्या, त्यांच्यामागून मंजुनाथ.

"मला एक गोष्ट खरी हवी आहे," डॉक्टर खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "मी रागावणार नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मीठ घेत असाल आणि तरीही हे झालं असेल, तर शरीरच मीठ बाहेर टाकतंय असं मला धरावं लागेल. मग मूत्रपिंडाच्या, ग्रंथींच्या तपासण्या, वेगळी औषधं... आणि ती औषधं साधी नाहीत. पण मीठ घेतच नसाल, तर यातलं काही नको. सांगा, घेत होतात का?"

महेश्वरीनं आत्याकडे बघितलं. आता तरी बोल, आत्या... आता तरी! आत्यानं मान खाली घातली आणि डब्यातली भाकरी उगाचच सारखी करत राहिली.

खरं बोललं तर? मंजुनाथचा राग तिला ठाऊक होता. दवाखान्यात, चारचौघांत, तो स्वतःच्या आईला काय बोलेल, त्या घरात त्या म्हातारीला पुन्हा कुणी पाण्याचा तांब्या तरी धरू देईल का! आणि गप्प राहिलं तर ती नको असलेली औषधं.

"नव्हते घेत," ती म्हणाली. "आत्या भरून द्यायची ती बाटली मी ओतून टाकायची, आणि साधं पाणी भरून प्यायची. कंटाळा आला होता."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला, मान हलवली आणि नर्सला काही सूचना देत त्या निघून गेल्या. मंजुनाथ मात्र तिथंच उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"म्हणजे लोक म्हणत होते ते खरं," तो हळूच म्हणाला. "मी खुळ्यासारखा सगळ्यांशी भांडत होतो. चुलत्याच्या घरचं जाणं-येणं तोडलं मी, महेश्वरी, तुझ्या शब्दावर! आता कुठल्या शब्दावर विश्वास ठेवू तुझ्या?"

आत्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे बघत तिनं अश्रू आतल्या आत जिरवले. आत्या उठली आणि डबा तिथंच ठेवून दाराबाहेर गेली.

घरी आल्यावर बाटली मंजुनाथच्या हातात आली. चमच्यानं मोजून मीठ, लिंबू, साखर... आणि शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत तो समोर उभा! पूर्वी तो तिच्या पायाशी बसून दिवसभराच्या गमती सांगायचा, आता पोलिसासारखा हाताची घडी घालून राहायचा आणि रिकामी बाटली घेऊन निघून जायचा. आत्या स्वयंपाकघराच्या दारात यायची, बघायची आणि मागं फिरायची. महेश्वरी तिच्याशी एक शब्द बोलली नाही. ज्यांच्यासाठी आळ अंगावर घेतला त्यांचाच राग येतो, हे तिला नव्यानं कळलं. दिवसभर छताकडे बघत ती मनात तेच तेच घोळवायची... माझं कुणी नाही. बापामागं एक आत्या होती, तीही माझी नव्हती.

पण मिठानं त्याचं काम केलं. डोकेदुखी थांबली. आधी ती उशीला टेकून बसू लागली, मग एक दिवस खिडकीपाशी उभं राहून तिनं स्वतःचे केस स्वतः विंचरले. आजार गेला नव्हता, कदाचित जाणारही नव्हता, वेणी घालून झाल्यावर तिला तासभर पडून राहावं लागलं. तरी ती उभी राहिली होती! आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत्यानं ते डोळ्यांनी बघितलं होतं.

थोड्या वेळानं मागच्या अंगणातला उखळाचा धप्-धप् आवाज एकदम थांबला. मग आत्याचा आवाज आला, चिरका, ओळखू न येणारा.

"मंजू, हिकडं ये. ह्या समद्यांच्या म्होरं सांगते. तिनं पाणी ओतलं न्हाय. मीच मीठ घालत नव्हते!"

आतल्या खोलीत महेश्वरी ताठ उठून बसली.

"काय बोलतीस काय तू आई?"

"खरं तेच बोलते. नागप्पा, माझा भाऊ, हिचा बाप... त्याला डॉक्टरनं सांगितलं हुतं, मीठ इष हाय तुला. त्यानं ऐकलं न्हाय, आन् अर्धं अंग लुळं पडून माझ्या डोळ्यांम्होरं गेला. आन् त्याच्याच पोरीला मी चमच्यानं मीठ घालायचं? पयल्यांदा घातलं रे, डोळे मिटून घातलं. पर श्रावण लागला आन् हात धजंना. सिद्धराम देवाला नवस बोलले, आमी दोघी म्हयनाभर अळणी ऱ्हातो, माझ्या पोरीला उभी कर. तिला सांगितलं असतं तर ती ऐकली नसती... म्हणून चोरून. तिचं बी अळणी, माझं बी अळणी."

"आणि दवाखान्यात? तिनं आळ अंगावर घेतला तेव्हा तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"भ्याले," आत्या हुंदका देत म्हणाली. "नवस मधीच उघडा केला की फळत न्हाय म्हणत्यात. आन् तुझ्या नजरंतनं उतरायचं भ्याव वाटलं. आज बघितलं, मिठानं उभी ऱ्हायली माझी पोर. मी तिला मारायलाच निघाले हुते रे!"

मंजुनाथ आत आला तेव्हा त्याला महेश्वरीच्या डोळ्यांत बघवेना. तिच्या पायाशी, पूर्वीसारखा, तो बसला आणि ओंजळीत तोंड लपवून लहान पोरासारखा रडला. "का गं बोलली नाहीस? मी काय काय बोललो तुला..." महेश्वरीनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. आतला सल जिथं होता तिथंच होता.

"आईला दुधनीला पोचवतो," तो डोळे पुसत, घट्ट आवाजात म्हणाला. "तुझ्या वडिलांचं घर आहेच. तिच्या हातचं तुला खायला लागू नये."

"जाऊ दे," महेश्वरी म्हणाली. आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचं गाठोडं पडवीत तयार होतं. मंजुनाथ रिक्षा आणायला गेला. भाकऱ्या थापणाऱ्या बायका आज एकमेकींशीही बोलत नव्हत्या. महेश्वरीला पाणी हवं होतं की दुसरंच काही, तिचं तिला ठाऊक... ती उठली आणि भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरात गेली.

आत्या पाटावर बसून जेवत होती. भाकरी आणि वरण. महेश्वरीला बघताच ती धडपडून उठू लागली.

"कशाला उठलीस यव्वा? पडशील..."

"बस." महेश्वरी तिच्या समोर जमिनीवर बसली. दम लागला होता. ताटाकडे बघून तिनं विचारलं, "अजून अळणीच?"

"माझा तरी पुरा करते. अर्ध्यात मोडला तर तुझ्यावर यील."

आणि इतके दिवस कोंडलेलं सगळं महेश्वरीच्या तोंडून बाहेर पडलं.

"माझ्यावर यायचं काय राहिलंय आत्या? माझी जीभ मेली आहे. अन्नात कुणी काय घातलं, काय नाही, मला कळत नाही. तुझ्या जिभेवर विसंबून मी घास गिळत होते, डोळे मिटून! मीठ घातलं नाहीस ते मी विसरेन. भ्यालीस, ते मला समजतं. पण मी विचारलं तेव्हा तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस... मी कुणाकडं बघायचं आता? मला आई नाही, बाप नाही, तू होतीस फक्त!"

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ताटावरचा हात तसाच राहिला होता. त्या वाळलेल्या मनगटाकडे बघता बघता महेश्वरीला जाणवलं, श्रावणभरात ही म्हातारीही अर्धी झाली आहे.

महेश्वरीनं फडताळातली मिठाची बरणी खाली ओढली.

"यव्वा, नको! नवस हाय..."

"माझ्या नावाचा आहे ना नवस? मग मोडायचा हक्कही माझा."

चिमूट घेताना अशक्तपणानं तिचा हात थरथरला आणि मीठ भसकन वरणात पडलं. किती पडलं, तिला कळण्याचा मार्गच नव्हता. आत्यानं देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं. हात जोडले. मग भाकरीचा तुकडा मोडून वरणात बुडवला आणि तोंडात घातला.

"कसं झालंय?" महेश्वरीनं विचारलं.

"ब... बरुबर हाय, यव्वा."

बोलता बोलता आत्याचं तोंड वाकडं झालं. महेश्वरी तिच्याकडे एकटक बघत राहिली.

"आत्या... आता तरी."

आत्याला घास गिळता येईना, टाकता येईना. आणि मग ती एकदम ढसाढसा रडू लागली.

"लई खारट झालंय गं! तोंडात घालवंना! मूठभर मीठ वतलंस तू!"

महेश्वरीनं पुढं वाकून तिच्या मांडीवर डोकं टेकलं. हसू येत होतं की रडू, हे दोघींनाही कळत नव्हतं. आत्याचा उष्टा हात तिच्या केसांवर जाता जाता अर्ध्यावर थांबला, आणि मग कोपरानंच ती महेश्वरीला थोपटू लागली.

"रिक्षा आली आहे," मंजुनाथ दारातून म्हणाला आणि तिथंच थबकला.

"परत पाठवा," महेश्वरी डोकं वर न काढता म्हणाली. "आणि आधी आत्याला पाणी द्या."